उभ्या झाडांचा सारंग

झाडाचं वय विचारलेलं त्यांना आवडत नसे.

मला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी घाटावरची, देवरूखच्या एका कॉलेजात नुकतीच इतिहास शिकवायला लागलेली. मुलींच्या हिवाळी शिबिराची जबाबदारी नव्या माणसाच्या गळ्यात पडते, तशी ती माझ्या गळ्यात पडली होती. सव्वीस मुली घेऊन मी डोंगरातल्या त्या गावी उतरले. गावाला जुनी देवराई आहे आणि देवराईला लागून एक सपाट माळ आहे. गावकऱ्यांनी तिथे तंबू, पाण्याची टाकी, न्हाणीघरं आणि एक पत्र्याचं स्वयंपाकघर एवढी सोय करून पाहुण्यांसाठी कॅम्प चालू केला होता. तो सांभाळणारा माणूस पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या शर्टात आमची वाट बघत उभा होता. सत्तरीला टेकलेला, ठेंगणा, खांद्यात रुंद. पायात काही नाही.

देवराईच्या तोंडाशीच एक बेहडा आहे. त्याची मुळं जमिनीवर भिंतीसारखी उभी आहेत. दोन मुळांच्या मधे चार मुली शिरल्या, तर बाहेरून एकही दिसली नाही. मी भारावून विचारलं, "केवढं जुनं असेल हो हे? तीनशे वर्षं? चारशे?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"मॅडम, झाडाचं वय कापल्याशिवाय कळत नाय," ते म्हणाले. "मी मोजलीयत खूप. सगळी मेलेल्यांची."

आणि ते मुलींना तंबू दाखवायला निघून गेले. मला वाटलं, काय तऱ्हेवाईक माणूस आहे! ते तसे होतेच.

गावात सगळे त्यांना सारंग म्हणत. मोठ्या मालवाहू जहाजावर डेकवरच्या खलाशांचा जो मुकादम असतो, तो सारंग. ते मूळचे वेळणेश्वरच्या अलीकडच्या, खाडीकाठच्या मुसलमान वस्तीतले. आजा दर्यात, बाप दर्यात, हेही चौतीस वर्षं दर्यात. त्यातली बरीच वर्षं लाकूड वाहणाऱ्या जहाजांवर गेली. आफ्रिकेच्या आणि ब्रह्मदेशाच्या बंदरांतून ओंडके भरायचे, डेकवर रचायचे, साखळ्यांनी आवळायचे आणि वादळात सुटू नयेत म्हणून प्रवासभर त्या साखळ्या तपासत राहायचं, हे सारंगाचं काम. एकेक ओंडका असा, की त्याच्या आडोशाला उभा असलेला माणूस पलीकडून दिसत नसे.

हे त्यांनी मला एकदम कधीच सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेही तांदूळ निवडताना किंवा दोरी वळताना. एकदा म्हणाले, "एका ओंडक्यातून सहा दिवस लाल पाणी गळत होतं. डेक धुतला की परत लाल. पोरं म्हणाली, सारंग, हे रडतंय. मी म्हटलं, गप कामं करा. मग मी एकटाच बसून त्याची वर्तुळं मोजली. चारशेच्या पुढं गेलो आणि गिनती चुकली. परत मोजायला बसलो नाय."

त्यांच्या हाताखालचा एक खलाशी या डोंगरातल्या गावचा होता. सारंग निवृत्त झाल्यावर त्याने त्यांना शिमग्याला घरी बोलावलं. पालखी बघून झाली, आणि कुणीतरी त्यांना देवराई दाखवायला नेलं. एवढी मोठी झाडं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती, पण सगळी आडवी. उभं असलं म्हणजे ते वर कुठं संपतं हे बघायला मान पार मागे टाकावी लागते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. खलाशी सांगायचा, "सारंग तिथंच बसले. जेवायला बोलावलं तरी उठेनात." शेवटी त्यांनी गुरवांना विचारलं, "मला आत जाऊन बघायचंय. माझं चालेल का?"

गुरव म्हणाले, "देव काय कुणाचा पत्ता विचारतो? चपला काढा म्हंजे झालं."

त्यांनी चपला काढल्या आणि माळावर असेपर्यंत त्या परत घातल्याच नाहीत. कॅम्प तेव्हा नुकता सुरू झाला होता आणि तो सांभाळायला कुणी नव्हतं. तरणी माणसं सगळी मुंबईला. सारंग म्हणाले, मी बसतो. पावसाचे चार महिने खाडीकाठी घरी आणि उरलेले आठ महिने या माळावर, असा त्यांचा नेम ठरला.

कॅम्प ते जहाजासारखा चालवत. माळाला ते डेक म्हणत. स्वयंपाकघर म्हणजे गॅली. पाहुण्यांना पहारे वाटून दिलेले असत आणि त्यात डॉक्टर, वकील, सासू, सून असा भेद नसे. दोर ओढायचा तर "हबेस!" आणि सैल सोडायचा तर "आरिया!" हे जहाजावरचे शब्द. ते कुठल्या भाषेतले, असं मी विचारलं, तर म्हणाले, "दर्याची भाषा. कोण पोर्तुगीज टाकून गेला, कोण अरब. आमी उचलली."

आलेल्या प्रत्येकाला ते फाटकाशीच विचारत, "काय बघायला आलात?" उत्तर कुठलंही चाले. पण 'मजा करायला' असं कुणी म्हटलं, की त्याला टाकीजवळचा, झाडांपासून सगळ्यात लांबचा तंबू मिळे. एकदा पुण्याची दहाबारा माणसं मोठा स्पीकर घेऊन आली. सारंग भांडले नाहीत. म्हणाले, "लावा. पण आधी आमचा साऊंड ऐका. पंधरा मिनिटं गप बसायचं." ती माणसं हसत हसत बेहड्याखाली बसली. थोड्या वेळाने वरून धनेश पक्ष्यांची जोडी गेली. त्या पंखांचा आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. घाट चढणारं इंजिन डोक्यावरून जावं तसा तो असतो. त्यातली एक बाई घाबरून खाली वाकली. स्पीकर दोन दिवस गाडीतच राहिला. सारंगांनी त्या सगळ्यांचे तंबू दुसऱ्या दिवशी झाडांजवळ हलवून दिले.

सकाळी दाढी करून, गादीखाली दाबून ठेवलेली पँट घालून ते लाकडी हातोडी घेऊन निघत. माळाच्या कडेच्या प्रत्येक जुन्या झाडाला हलकेच ठोकत आणि कान लावत. पोकळ आवाज आला, की त्या झाडाखाली तंबू नाही. एका ऐनाखाली त्यांनी कधी कुणाला झोपू दिलं नाही. "हा आतून गेलाय," म्हणत. तो ऐन आजही ठणठणीत उभा आहे. त्यावरून गावकरी त्यांची चेष्टा करत. ते म्हणत, "उभा राहूदे की! मी कुठं पड म्हणतोय?"

झाडाला दोर बांधायचा तर मधे गोणपाटाची घडी हवीच. खिळा तर नाहीच. कपडे वाळत घालायला कुणी खोडाला खिळा ठोकला, तर त्याला तो स्वतःच्या हाताने काढायला लावत आणि भोकात मेण भरायला लावत. त्यांच्या बायको एकदा दोन दिवसांसाठी आल्या होत्या, येताना घरच्या फणसपोळ्या घेऊन. हा सगळा थाट बघून त्या मला म्हणाल्या, "घरात एक खुंटी ठोक म्हटलं, तर ह्यांना वेळ नाय. इथं झाडाच्या भोकात मेण! चौतीस वर्षं दर्यात, आता रानात. नवरा माझा, पण मला पत्रावरच्या पत्त्यापुरताच माहीत." सारंग गॅलीत कांदा चिरत होते. ते नुसते हसले.

आमचं पहिल्या वर्षी जमलं नाही. माझी भाषा त्यांना टोचे. "मॅडम, तुमची मराठी फार कडक," असं म्हणाले. मला त्यांची हुकूमत टोचे. पहिल्याच दुपारी त्यांनी मुलींकडून तंबू तीन वेळा सोडवून परत बांधून घेतले. मुली सकाळपासून उपाशी होत्या. मी तडकले.

"आधी जेवू द्या की त्यांना!"

"आधी घर, मग जेवण," ते म्हणाले. एका तंबूचा दोर बोटाने दाबून दाखवला. "ढिली दोरी खोटं बोलते, मॅडम. दिसायला बांधलेली दिसते."

माझ्या मुली बहुतेक आसपासच्या वाड्यांतल्या. बाप मुंबईला, आई शेतात. घरी पाणी, जळण, गुरं सगळं करणाऱ्या. पण चार लोकांत 'हे काम तुझं' असं कुणी त्यांना म्हटलं नव्हतं. सारंग म्हणत. मुलगी म्हणून सवलत नाही आणि मुलगी म्हणून शंकाही नाही. पाच दिवसांनी निघताना एकेकीचे हात बघितले, तर बोटांना घट्टे आणि चालण्यात काहीतरी वेगळं. दुसऱ्या वर्षी मी स्वतःहून शिबिराची जबाबदारी मागून घेतली.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट सांगायला मला अजून जड जातं, पण ती सांगितल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही.

त्या वर्षी प्राचार्यांना वाटलं, मुलींना काहीतरी साहसी द्यावं. दोन तरुण बोलावले, दोरावरून उतरायला शिकवणारे. माळाच्या कडेला एक जुना रायवळ आंबा आहे. त्याची एक फांदी जमिनीला समांतर, तीन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढी जाड, आणि दोन मजल्यांच्या वर उंच. तिथून उतरायचं ठरलं. सारंगांनी त्यांचं सामान तपासलं. दोर बोटांतून फिरवला, कड्या उघडून मिटून बघितल्या. मला म्हणाले, "सामान चांगलं आहे. पोरं घाईत आहेत." मग फांदीवर गोणपाट टाकायला लावलं आणि गॅलीत गेले.

चारपाच मुली उतरल्या. मग प्रणालीची पाळी आली. दुसऱ्या वर्षाची मुलगी, बोलायला कमी, पण धीट. कंबरेपर्यंत केस. मैत्रीण खालून मोबाईल धरून उभी होती. प्रणालीने मला हाक मारून विचारलं, "मॅडम, वेणी सोडू? फोटो चांगला येईल."

मी म्हटलं, "सोड की!"

हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

ती फांदीपासून जेमतेम दोन हात खाली आली आणि थांबली. आधी मला कळलंच नाही. मग ती किंचाळली. कंबरेच्या पट्ट्याला एक धातूची कडी असते, तिच्यातून दोर सरकत जातो. त्या कडीत दोराबरोबर तिचे केस ओढले गेले होते. डोकं कडीपाशी वाकडं झालेलं, सगळं वजन दोरावर, आणि दोराने केस धरलेले. खाली यायला दोर सोडला तर केस आणखी आत जाणार. वर चढायला पायाखाली काही नाही.

वर फांदीवर बसलेला तरुण पांढराफटक पडला. त्याने खिशातून सुरी काढली आणि पोटावर पुढे सरकत ओरडला, "मॅडम, केस कापतो!"

"सुरी ठेव!"

तो आवाज मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. सारंग गॅलीच्या दारात उभे होते. "ताणलेल्या दोराजवळ सुरी न्यायची नाय! नुसती लागली तरी दोर जाईल. खिशात घाल."

त्याने सुरी खिशात घातली.

सारंग धावले नाहीत, हे मला नीट आठवतं. ते झपझप चालत आपल्या तंबूत गेले आणि दोराची दोन वेटोळी घेऊन आले. एक जाड आणि एक बारीक. बारीक दोरीच्या टोकाला मुठीएवढी गाठ. जहाज धक्क्याला लागताना धक्क्यावरच्या माणसाकडे फेकतात, ती दोरी. आंब्याखाली उभं राहून त्यांनी हात मागे नेला आणि ती फांदीकडे फेकली. गाठ फांदीच्या खालीच पडली. सत्तरीचा खांदा. मुलींच्या तोंडून एकदम आवाज निघाला.

"गप," ते म्हणाले, पण रागाने नाही. दोरी परत गोळा केली, शांतपणे वेटोळी हातावर घेतली. दुसरी फेक फांदीवरून पलीकडे गेली.

बारीक दोरीच्या मागोमाग जाड दोर वर चढवला. त्याच्या टोकाला त्यांनी न आवळणारा फासा बांधला होता, पाऊल मावेल एवढा. वरच्या तरुणाला म्हणाले, "गोणपाट ह्या दोराखाली सरकव. नीट. हां, आता तुझं काम झालं, तिथंच बस." आणि मग वर बघून, जणू अंगणातून हाक मारावी तसे म्हणाले, "बाय गो, तुझ्या पायाजवळ एक पायरी पाठवतोय. उजवा पाय त्यात घाल."

"चाचा, मला नाय जमायचं..."

"आज जेवायला काय आहे?"

"काय?"

"सकाळी वाल कुणी सोलले?"

"मी... आणि मनालीनं."

"मग त्याची उसळ कोण खाणार? पाय घाल, बाय. उजवा."

दोनदा पाय चुकला. तिसऱ्यांदा फाशात गेला. सारंगांनी मागे वळून मुलींकडे पाहिलं. पंचवीस मुली. त्यांनी त्या दोन तरुणांना बोलावलं नाही, मला बोलावलं नाही, आणि आवाज ऐकून माळावर धावत आलेल्या गावकऱ्यांनाही हाताने थांबवलं. "माझी माणसं हायत," एवढंच म्हणाले. मुलींनी दोर धरला. त्यांनी तंबू उभारताना जसा धरला होता तसाच, एकीमागे एक, पाय रोवून.

"हबेस!"

प्रणाली वीतभर वर गेली.

"हबेस!"

आणखी वीतभर. कंबरेचा दोर सैल पडला. "बस. धरा. आता कुणी श्वाससुद्धा मोठा घ्यायचा नाय." आणि वर, "बाय, आता भार तुझ्या पायावर आहे. कडीतले केस काढ. थोडे थोडे. आम्हाला घाई नाय."

ती केस काढत होती तो वेळ किती होता, मला सांगता येणार नाही. पंचवीस मुली दोर धरून मागे कललेल्या होत्या. पुढच्या मुलीच्या कपाळावरून घाम नाकावर येऊन थांबला होता आणि तिने तो पुसला नाही. एक मुलगी नुसते ओठ हलवत काहीतरी म्हणत होती. शेवटी प्रणाली रडत रडत हसली आणि ओरडली, "निघाले!"

"आरिया," सारंग म्हणाले, अगदी हळू आवाजात. "आरिया... आरिया..."

हातावरून हात, हातावरून हात, मुलींनी दोर सोडत आणला. तिच्या पायाचा अंगठा जमिनीला टेकला, तेव्हा सगळ्यांनी तिच्यावर झडप घातली. मी तिला जवळ घेतलं. तिच्या कानामागची कातडी सोलवटली होती. बाकी काही नाही.

सारंगांनी आधी दोन्ही दोर गुंडाळले, जागेवर ठेवले. कडीत अडकलेले चार केस काढून ती कडी त्या तरुणाला परत दिली. "सामानाची चूक नाय," म्हणाले. मग गॅलीच्या पायरीवर बसले. मी चहा नेऊन दिला. त्यांनी तो खाली ठेवला आणि आधी विचारलं, प्रणालीने उसळ खाल्ली का.

त्यांच्याकडे शाळेच्या वहीत लिहिलेलं एक लॉगबुक होतं. वारा कुठला, आभाळ कसं, कोण आलं, कोण गेलं, कुठल्या झाडाला पालवी. त्या संध्याकाळी त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि सही करायला सांगितलं. लिहिलं होतं: 'मुलीचे केस मोकळे होते. परवानगी मॅडमनी दिली. सारंगाने गॅलीतून बघितलं. पाहुण्याच्या कामात कशाला बोला, म्हणून बोलला नाही. दोघांची चूक.'

मी म्हटलं, "तुमची कसली चूक? तुम्ही तर..."

"बघून गप बसलो, मॅडम. सारंगाला ते चालत नाय. सही करा."

मी सही केली.

मला वाटलं होतं, गोष्ट तिथं संपली. पण कुणाच्या तरी मोबाईलमधली चित्रफीत गावोगाव फिरली आणि पालकांचे फोन सुरू झाले. प्राचार्य म्हणाले, पुढच्या वर्षापासून मुलींचं शिबिर कॉलेजच्या आवारातच. मुलांचं मात्र डोंगरात होईल. तरी सगळ्यांच्या समाधानासाठी पालकांची सभा बोलावली. आदल्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बसवून समजावलं, "सगळं त्या दोन शिकवणाऱ्यांवर टाका. ते बाहेरचे आहेत. प्रकरण मिटेल."

मी सारंगांना फोन केला. त्यांनी फक्त विचारलं, "सभा किती वाजता?"

ते सभेला आले. पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत वही. मागच्या बाकावर बसले. मी उभी राहिले. प्राचार्यांचे शब्द आठवले. पण बाहेरच्यांवर टाकायचं, तर त्या वहीतल्या सहीचं काय करायचं? मी सांगितलं, "वेणी सोडायची परवानगी मी दिली. चूक माझी आहे." प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. मग सारंग उठले आणि ते पान मोठ्याने वाचून दाखवलं, 'दोघांची चूक' इथपर्यंत.

बाजारपेठेतले एक दुकानदार पालक ताडकन म्हणाले, "म्हणजे तुम्ही कबूलच करताय की! मग आमच्या मुली तुमच्या भरवशावर कशा पाठवायच्या?"

"माझ्या भरवशावर नकाच पाठवू," सारंग म्हणाले. "मी म्हातारा. माझी पहिली फेक खाली पडली. तुमच्या पोरींनी दोर धरला, तो सुटला नाय. त्यांच्या भरवशावर पाठवा."

मग प्रणालीची आई उठली. नवरा मुंबईला, ती एकटीच पहाटेची गाडी पकडून आली होती. नऊवारीचा पदर खोचत म्हणाली, "माज्या पोरीनं मला फोनवर समदा सांगितलान. मी दोन दिस जेवले नाय. पण मला एक सांगा. तिला खाली कुणी आणली? ह्या पोरींनीच ना? मग ह्यांना घरात बसवून कुणाचा भला होनार हाय? उद्या कोन लटकला, तर दोर धरायला कोन?"

ती चालत पुढे आली. टेबलावर संमतीपत्रांचा गठ्ठा होता, प्राचार्यांनी फक्त मुलांच्या पालकांसाठी छापून घेतलेला. तिने वरचा कागद ओढला, 'पाल्य' शब्दापुढे प्रणालीचं नाव लिहिलं आणि खाली एकेक अक्षर जोडत स्वतःचं पूर्ण नाव. तिच्यामागे दुसरी आई उठली. मग एक आजोबा. मग रांगच लागली. दुकानदार सगळ्यात शेवटी आले, पण आले. मी इतकी वर्षं इतिहास शिकवते आहे. लढाया शिकवते, तह शिकवते. माझ्या डोळ्यांदेखत घडलेला मोठा प्रसंग मला विचाराल, तर मी ती रांग सांगेन.

पुढच्या हिवाळ्यात चाळीस मुली आल्या.

सारंगांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. धूळ चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी काळा चष्मा लावून ते हजर होते. मी सक्तीने त्यांना खुर्चीत बसवलं, बेहड्याजवळ. तंबू उभारण्याचं काम प्रणालीकडे होतं. ती तिसऱ्या वर्षाला होती. केस घट्ट बांधलेले, आवाज चढलेला. नव्या मुलींना तिने गट पाडून दिले, चुकलेले तंबू सोडायला लावले, परत बांधायला लावले. मुली उपाशी होत्या. या वेळी मी काही बोलले नाही.

सारंग तासभर खुर्चीत बसून होते. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ते ऐकत होते. काम संपल्यावर उठले आणि एकेका तंबूभोवती फिरून दोर हातात धरून बघू लागले. मी त्यांच्या मागोमाग. कुठेही थांबले नाहीत. अगदी शेवटच्या तंबूपाशी एक किडकिडीत, पहिल्या वर्षाची मुलगी उभी होती. त्यांनी दोर दाबून बघितला. परत दाबला. तो दबला नाही.

"ही दोरी कुणी बांधली?"

"मी," ती घाबरून म्हणाली.

"कुणी शिकवलं?"

"प्रणालीताईनं."

त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, साडेचारची गाडी मिळेल का मला?"

"का हो? डोळा दुखतोय? बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय," ते म्हणाले, "म्हणून तर जातोय."

मी खूप आग्रह केला. शिबिराचे अजून चार दिवस होते. त्यांनी ऐकलं नाही. तंबूतून पिशवी घेतली आणि फाटकाकडे निघाले. फाटकाबाहेर पडल्यावर त्यांनी पिशवीतून चपला काढून पायात घातल्या; तिथे त्यांना चपला घालताना इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिलं. तांबड्या वाटेने ते उतरत गेले तेव्हा मुली गॅलीवर मोठी ताडपत्री चढवत होत्या. सगळ्यांचं लक्ष दोराकडे होतं. त्यांच्यातल्या एकीनेही मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि ते त्यांना फार आवडलं असणार.